नटी येईपर्यंत

भात घरात आलं की आमच्या वाडीला नाटक आठवतं. कापणी उरकलेली असते, पेंढा रचून झालेला असतो, शेतात कुळीथ पेरलेला असतो आणि माणसांच्या हातांना एकदम काही काम उरत नाही. पावसाने खाल्लेलं घरापुढचं खळं पुन्हा माती घालून, लाकडी पेटण्याने चोपून, शेणाने सारवून नवं करतात. त्या ओल्या सारवणाचा वास संध्याकाळच्या थंडीबरोबर ओटीवर येतो. बाकीच्यांना तो जत्रेचा वाटतो. मला तालमीचा वाटतो, आणि गेली चौदा-पंधरा वर्षं तो आला की मी काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत जाऊन बसतो.

यंदाही आला. मंदा, माझी बायको, खळं सारवत होती. ती आता बरीच बारीक झाली आहे. साखरेच्या दुखण्याने अंग उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. वाडीतल्या बायका कौतुकाने विचारतात, काय खातेस, काय पथ्य करतेस, आता किती छान दिसतेस. ती हसून विषय बदलते. मला त्या कौतुकाने बरं वाटायला हवं, पण वाटत नाही. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो आणि ती पाठ पूर्वी कशी होती ते आठवायचा प्रयत्न केला. भरलेली, रुंद, वाकली की ब्लाउजच्या शिवणीवर ताण येणारी. ते अंग मी सगळ्या गावाला दाखवलं, आणि तेही तिच्याशिवाय दाखवलं.

त्या वर्षी मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला होतो. दिवसभर लोकांच्या हद्दी मोजायच्या, कुणाचा माड कुणाच्या बाजूला झुकला यावरची भांडणं ऐकायची, असं काम. कट्टा या शेजारच्या गावी, बाजारात केस कापताना न्हाव्याने मागे आरसा धरला आणि मला माझ्या डोक्यावरचं टक्कल पहिल्यांदा नीट दिसलं. पोट तर त्याआधीच सुटलं होतं. मी केसांना कलप लावू लागलो. पोट आवळायचा एक रबरी पट्टा मिळतो असं कळलं, तर तो घ्यायला मुद्दाम कुडाळला गेलो. कट्ट्याला घेतला असता तर दिवेलागणीच्या आत वाडीला कळलं असतं. तो पट्टा बांधून मी महिनाभर ऑफिसला गेलो. जेवण अर्धं झालं, दुपारनंतर दम लागायचा आणि कुणी हसवलं तर हसता यायचं नाही. ऑफिसात एक नवी बाई बदलून आली होती. तिच्याशी माझं बोलणं कधी कागदांच्या पलीकडे गेलं नाही, पण पट्टा तिच्यासाठीच होता. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

त्या पट्ट्यावरूनच मला नाटक सुचलं. नाव ठेवलं ‘पोट आत घ्या’. दत्ताराम नावाचा एक गृहस्थ, शेजारी भाड्याने राहायला आलेली नर्स, आणि दत्तारामाची जाडजूड बायको सुमती. नर्स खिडकीवरून गेली की दत्ताराम पोट आत ओढतो आणि श्वास रोखल्यामुळे तिला उत्तरच देऊ शकत नाही. सुमतीला वाटतं नवऱ्याला दमा लागला. ती वैद्याला बोलावते, काढे पाजते. मग तिला खरं कळतं आणि ती स्वतः बारीक व्हायला निघते. दोन दिवस नुसती काकडी खाते, मागच्या परसात दोरीवर उड्या मारते, सासरे भूकंप झाला म्हणून पलंगाखाली लपतात. शेवटी नवरा-बायको दोघं रेशन दुकानाच्या वजनकाट्यावर एकमेकांना पकडतात. लिहिताना मी स्वतःशीच खूप हसलो. तेव्हाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पुरुषाच्या पोटावर लोक एकदा हसतात, बाईच्या अंगावर दहादा हसतात. विनोद माझ्या पोटावर सुरू झाला आणि दुसऱ्या अंकापासून तो पूर्णपणे सुमतीच्या अंगावर गेला. मी तो जाऊ दिला.

आमच्या वाडीत तेव्हा घरची बाई नाटकात काम करत नसे. तसा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, फक्त कुणी केलेलं नव्हतं. नटी बाहेरून आणायची. कुडाळची, सावंतवाडीची, बांद्याची. ती बाई एकावेळी चार-पाच गावांची नाटकं करायची, वही घरी पाठवलेली असायची, आणि ती थेट आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला उगवायची. तोपर्यंत महिनाभर तिची वाक्यं कुणीतरी वाचायचं. त्याला प्रॉक्सी म्हणत. प्रॉक्सीने अभिनय करायचा नसतो. आपल्याला आपलं वाक्य कळावं म्हणून त्याने मागचं वाक्य वाचायचं, इतकंच. सहसा एखादा म्हातारा माणूस चष्मा लावून, विडी ओढत हे काम करायचा.

लेखक मी, दिग्दर्शक मी, दत्ताराम मी, म्हणून तालमी आमच्याच खळ्यात. पहिल्या संध्याकाळी प्रॉक्सी आला नाही. मंदा चहा घेऊन बाहेर आली आणि मी तिच्या हातात वही दिली. म्हटलं, नटी येईपर्यंत तू वाच.

पहिले दोन दिवस तिने वाणसामानाची यादी वाचावी तसं वाचलं. तिसऱ्या दिवशी ती वहीकडे न बघता बोलत होती. सुमती नवऱ्याला काढा पाजते तो प्रसंग चालला होता. मंदाने रिकामा पेला माझ्या तोंडाशी धरला, मी पोट आत ओढून उभा होतो, आणि तिने माझ्याकडे अशा काळजीने बघितलं की मी वाक्य विसरलो. बघणारे पोट धरधरून हसले. ती स्वतः अजिबात हसली नव्हती. ते प्रहसनातलं सगळ्यात अवघड काम असतं आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. नंतर तिच्या बहिणीकडून कळलं, की शाळेत असताना तिने स्नेहसंमेलनात काम केलं होतं, पुढच्या वर्षी मुख्य भूमिका मिळाली होती आणि वडिलांनी नाव काढून घेतलं होतं. वीस वर्षांच्या संसारात तिने मला हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्याच दिवसांत आम्ही दुसऱ्या अंकाच्या एका वाक्यापाशी आलो. नवरा जवळ येतो तेव्हा सुमती म्हणते, “आधी दिवो बंद करा.” हे वाक्य मला सुचलेलं नव्हतं. ते मंदाचं होतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिचं अंग सुटलं, तेव्हापासून ती ते मला म्हणायची. ते वाक्य आमच्या दोघांत होतं, आणखी कुणाच्या कानावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. वहीत ते बघून ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी शोधत असल्यासारखं खाली बघितलं. तिने ते वाक्य वाचलं आणि पुढे गेली. बसलेली मंडळी खदखदून हसली, कारण ते खरोखरच हशा घेणारं वाक्य होतं. लेखक म्हणून मी खूश झालो. नवरा म्हणून मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. ती यायला पुष्कळ वर्षं लागली.

महिनाभर रोज संध्याकाळी ती काम उरकून, चेहरा धुऊन, धुतलेलं पातळ नेसून खळ्यात यायची. मला तेव्हा ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. आंब्यांना नुकता मोहर फुटू लागला होता, त्याचा वास यायचा. तिचा आवाज मोठा झाला होता. दिवसा परसात कपडे वाळत घालतानासुद्धा ती सुमतीची वाक्यं पुटपुटायची. एकदा मी मागून गेलो तर गप्प झाली आणि लाजली. लग्नानंतर पहिल्या वर्षी लाजायची तशी.

इनास आमचा रंगमंच उभारायचा. पलीकडच्या ख्रिस्तांव वाडीतला सुतार, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो तालमीत कोपऱ्यात बसून ऐकायचा. एकदा घरी जाताना मला म्हणाला, “पात्र घरात आसा आणि तू गाव कित्याक धुंडतंस?” मी हसण्यावारी नेलं. त्यानेही पुन्हा काढलं नाही.

रंगीत तालमीला बांद्याची नटी यायची होती, आली नाही. तिचं दुसऱ्या गावचं नाटक लांबलं होतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी येते म्हणाली. दुपारी दोन वाजता तिचा फोन आला, की मुलाला ताप आहे, जमेलसं वाटत नाही. जत्रेतला प्रयोग, पडदा सातला उघडायचा होता. आमच्या ओटीवर सगळे डोक्याला हात लावून बसले. कुणी म्हणालं, प्रयोग उद्यावर ढकला. कुणी म्हणालं, जत्रा काय उद्यावर ढकलतात.

मी पाणी प्यायला आत गेलो. मंदा नारळ खवत होती. तिने खवणी बाजूला केली, पदराला हात पुसले आणि उभी राहिली. म्हणाली, “मी करतंय. माका सगळां पाठ आसा.”

ते तिने इतक्या हळू म्हटलं, की मला ऐकू आलं नाही असं मी दाखवू शकलो असतो. तिचे कान लाल झाले होते. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला दिसलं ते असं: बत्त्यांचा लख्ख उजेड, पुढच्या खुर्च्यांवर आमच्या ऑफिसची माणसं, ती नवी बाई, आणि स्टेजवर ही. माझी बायको म्हणून ही. मी म्हणालो, “तुका बघून लोक हसतले गो.”

ती म्हणाली, “मगे? हसाकच येतत ना ते?”

प्रहसन होतं, सुमती जाड होती, लोकांनी तिच्याकडे बघून हसावं म्हणून मी तीन महिने लेखणी झिजवली होती. आणि समोर ती उभी होती, पाठांतरासकट, अंगासकट. मी तिला म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नको. बाहेर आलो आणि एकाला मोटरसायकलवर शेजारच्या गावी पिटाळलं. तिथे दशावतारात स्त्रीपार्ट करणारा एक माणूस होता, त्याला बोलावून आण म्हणालो. मिशी काढून राणी होणारा पन्नाशीचा पुरुष मला चालणार होता. त्याला एक वाक्य माहीत नव्हतं, तरी चालणार होता. आतल्या खोलीत मंदाला हे ऐकू जात होतं. आमच्या घराच्या भिंती काही इतक्या जाड नाहीत.

तो दशावतारी यायच्या आत नटीचा पुन्हा फोन आला. मुलाचा ताप उतरला, आईपाशी ठेवून निघते. साडेपाचला ती जीपमधून उतरली. सुरेखा तिचं नाव. काटकुळी, दमलेली, हातात डबा. तिला बघताच मला आठवलं, की सुमती जाड दिसायला हवी. कापूस बांधायचा हे ठरलेलं होतं, पण तिचा स्वतःचा ब्लाउज त्या कापसावरून चढेना. वेळ निघून चालली होती. मी आत गेलो आणि मंदाला म्हणालो, तुझा एखादा ब्लाउज दे.

मी असं म्हणालो. तिने ट्रंक उघडली आणि भावाच्या लग्नात शिवलेला, ठेवणीतला, मरून रंगाचा ब्लाउज काढून दिला. जुना द्यायचाही तिने विचार केला नाही. मग सुई-दोरा घेऊन ती स्वतः विंगेत गेली, आणि सुरेखाच्या कमरेला, दंडांना जुन्या गोधडीचा कापूस बेतून टाचून दिला. कुठे किती घालायचा हे तिला विचारावं लागलं नाही. सुरेखाने आरशात बघितलं आणि म्हणाली, वैनी, अगदी बरोबर झालं.

प्रयोग झोकात झाला. सुरेखाचं पाठांतर कच्चं होतं, म्हणून मंदा विंगेत वही घेऊन बसली. खरं म्हणजे वही बंदच होती. सुरेखा अडखळली की आतून हलक्या आवाजात वाक्य यायचं, आणि मग तेच वाक्य बाहेर मोठ्याने. मी स्टेजवर होतो, मला दोन्ही ऐकू येत होती. आतलं वाक्य प्रत्येक वेळी जास्त चांगलं होतं. दुसऱ्या अंकात सुरेखा नेमकी ‘आधी दिवो बंद करा’पाशीच थांबली. विंगेतही क्षणभर शांतता होती. मला वाटलं, आता हे वाक्य येणारच नाही, आणि आलं नाही तर बरं. पण ते आलं. मंदाने दिलं, सुरेखाने उचललं आणि अख्खी जत्रा हसली. ऑफिसमधली ती बाई डोळे पुसत हसत होती. मी पट्टा आवळून उभा होतो आणि मला श्वास घेता येत नव्हता. लोकांना तो अभिनय वाटला.

निघताना सुरेखाने ब्लाउज घडी करून परत दिला. घामाने भिजलेला, पावडर लागलेला. माझ्यासमोरच ती मंदाला म्हणाली, “वैनी, तुमी आतून सांगत होत्यात तसां माका जमाक नाय. तुमीच कित्याक नाय केल्यात?” मंदा म्हणाली, माका खंयचां येता. तिने ब्लाउज घेतला, धुतला आणि पुन्हा कधी घातला नाही.

भांडण झालं नाही. ती अबोलाही धरून बसली नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. फक्त काही गोष्टी थांबल्या आणि त्या थांबल्यात हे माझ्या लक्षात यायलाही दिवस लागले. ती माझ्यासमोर केस विंचरेनाशी झाली. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊ लागली. मुलाच्या लग्नात फोटोवाल्याने तिला माझ्या शेजारी बसायला सांगितलं, तर ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. कुणकेश्वरच्या यात्रेला गेलो तेव्हा वाळूत ती माझ्या दहा पावलं मागून चालत होती. मी थांबलो की ती थांबायची. आणि ते वाक्य, जे मी चोरलं होतं, ते तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. म्हणण्याची वेळच तिने येऊ दिली नाही.

मी त्यानंतर नाटक लिहिलं नाही. लोकांना वाटतं, बदली झाली, व्याप वाढले. मीही तसंच सांगतो. वही कुठल्या तरी फळीवर वाळवीने खाल्ली. बरं झालं, असं मला वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात वाडीतली मुलंमुली घरी आली. आता नटी आणत नाहीत. मुलीच काम करतात, आयाही करतात, कुणाला काही वाटत नाही. पुढारीण प्रणाली, कुडाळला कॉलेजात शिकते. म्हणाली, काकानू, यंदा ‘पोट आत घ्या’ करूया, आमच्या आईवडिलांकडून फार ऐकलंय. मी सुटकेचा श्वास टाकून सांगितलं, की वही नाही, गेली. आतून मंदाचा आवाज आला, “माका पाठ आसा.”

तीन संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो. ती सांगत होती, मी लिहून घेत होतो. सुमतीची वाक्यं, दत्तारामाची, सासऱ्याची, वैद्याची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मधूनच सांगायची, हंय लोक हसतत, आणि मी कंसात तसं लिहायचो. हसण्याच्या सगळ्या जागा तिला माहीत होत्या. दुसरा अंक आला. मी म्हणालो, पुढचं ते एक वाक्य राहू दे, मी दुसरं काहीतरी लिहितो. तिने ऐकून घेतलं. मग ते वाक्य तिने सांगितलं, बाकीच्या वाक्यांसारखंच, आणि लिहून होईपर्यंत थांबली. म्हणाली, हंय पण हसतत. तिने चष्म्यातून अक्षराकडे बघितलं आणि वेलांटी सुधारायला सांगितली.

काल मुलं वही न्यायला आली. पात्रं वाटायला लागली. सुमतीसाठी पोक्त वयाची बाई हवी होती, तशी कुणी मिळेना. मला वाटलं, हीच वेळ. इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं ते बोलायला देवाने दिलेली वेळ. मी सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालो, सुमती मंदा करेल. तिच्यासारखी सुमती कुणी केली नाही आणि करणारही नाही. मुलं टाळ्या वाजवायला लागली.

मंदा दारात उभी होती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी तो शोधला. ती मुलांना नव्हे, मला म्हणाली, “त्या टायमाक माका व्हयां होतां. आता तां तुमका व्हयां आसा.”

तिला हवं होतं तेव्हा मी दिलं नव्हतं. प्रणाली वहीची पानं चाळत राहिली. मग मंदाने तिला विचारलं, चहात साखर किती घालू, आणि आत गेली.